शामोनी खोऱ्यात धावण्यासाठी कोणत्या वाटा निवडाव्यात?

गंगापूररोडकर

सर्वांना नमस्कार. कार्यालयीन कामानिमित्त जूनच्या अखेरीस मला जिनिव्हाला जायचे असून, काम आटोपल्यावर पत्नीसह चार दिवस फ्रान्समधील शामोनी येथे मुक्काम करण्याचा बेत आहे. मी नाशिकला सोमेश्वर ते गंगापूर धरण या रस्त्यावर नियमित धावतो, अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांच्या आसपास पूर्ण करतो आणि पावसाळ्यात अधूनमधून अंजनेरी चढतो. डोंगरवाटांचा अनुभव म्हणावा तर एवढाच. नकाशावर या खोऱ्यात वाटांचे असे दाट जाळे दिसते की नवख्याने सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही. दोर किंवा अन्य साहित्य न लागणाऱ्या, दोन-तीन तासांत पुऱ्या होणाऱ्या वाटा कोणत्या, जूनअखेरीस वर बर्फ असतो का, आणि येथे असताना कसा सराव करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पत्नी धावत नाही, परंतु वाटेत एखाद्या ठिकाणी भेटता आले तर तिला आवडेल. मला उघड्या कड्यावर थोडी भोवळ येते, हेही सांगून ठेवतो.

आर्व्हकाठी

नमस्कार दादा. नोकरीनिमित्त काही वर्षे मी त्या भागात राहिले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हे खोरे अरुंद आणि लांबट असून त्याच्या तळातून आर्व्ह नदी वाहते. शामोनी गाव 1,035 मीटर उंचीवर आहे. एका अंगाला माँ ब्लांची हिमाच्छादित रांग आणि समोरच्या अंगाला एग्वी रूज नावाची, तुलनेने बुटकी व खडकाळ रांग अशी रचना आहे. दोन्ही उतारांवर डोंगराच्या कडेने आडव्या जाणाऱ्या वाटा असून त्यांना तेथे ‘बाल्कॉन’ म्हणतात. खालची वाट ती ‘पती बाल्कॉन’, जी साधारण 1,100 ते 1,400 मीटरच्या दरम्यान सूचिपर्णी जंगलातून जाते. वरची ती ‘ग्रां बाल्कॉन’, जी 1,900 मीटरच्या आगेमागे, झाडांची हद्द संपते त्या पट्ट्यातून जाते. या दोहोंना जोडणाऱ्या वाटा मात्र अंगावर येणाऱ्या, नागमोडी चढाच्या आहेत आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी त्या चालतच चढायच्या असतात. नकाशा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ‘सूद’ म्हणजे दक्षिणेची वाट ही एग्वी रूजच्या अंगाला, म्हणजे खोऱ्याच्या उत्तर बाजूस आहे, कारण त्या उतारावर दक्षिणेचे ऊन येते; तर ‘नोर’ म्हणजे उत्तरेची वाट माँ ब्लांच्या अंगाला आहे.

पहिल्या दिवशी पाय मोकळे करण्यासाठी बोआ द्यू बुशे या जंगलातून नदीकाठाने ले प्रापर्यंत जाऊन यावे. वाट जवळपास सपाट आहे. (आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावताना गोल्फ कोठे दिसत नाही, ले प्राला मात्र खरोखरीचे गोल्फ मैदान आहे.) दुसऱ्या दिवशी पती बाल्कॉन सूदने शामोनीहून आर्जांतिएरला जावे. आठ-नऊ किलोमीटरची ही वाट मुळांनी आणि लहान चढउतारांनी भरलेली असली तरी कोठेही भीतिदायक नाही. तिच्यावरून थोडे वर गेल्यास सुमारे 1,350 मीटरवर ला फ्लोरिया नावाचे फुलांनी लगडलेले लाकडी उपाहारगृह लागते. वहिनी तेथे शामोनीहून सावकाश चालत येऊ शकतील. आर्जांतिएरहून परतायला रेल्वे आहे. तुम्ही जेथे मुक्कामाला उतराल तेथे पाहुण्यांसाठीचे कार्ड मागून घ्या, कारण त्यावर खोऱ्यातील बस आणि स्थानिक रेल्वेचा प्रवास विनामूल्य होतो.

माझ्या मते पहिल्या खेपेस एवढे पुरेसे आहे.

सह्यभटक्या

ताईंनी खोऱ्याची रचना उत्तम समजावली, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. इतक्या दूर जाऊन जंगलातल्या जंगलात धावून परत येणे मला पटत नाही. जूनअखेरीस हवा स्वच्छ असेल तर लिफ्टने, म्हणजे दोरावरून जाणाऱ्या पाळण्याने, प्लांप्रा येथे सुमारे 2,000 मीटरवर जावे आणि ग्रां बाल्कॉन सूदने 1,877 मीटरवरील ला फ्लेजेरपर्यंत धावावे. अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे, चालणाऱ्यांना सुमारे दोन तास लागतात आणि वाटभर समोर माँ ब्लां, त्याच्या सुळक्यांची रांग व मेर द ग्लास ही हिमनदी दिसत राहते. कळसूबाई 1,646 मीटर आहे हे लक्षात घेतले, तर ही अख्खी वाट महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंचावरून जाते. दम नेहमीपेक्षा लवकर लागतो, तेव्हा घड्याळातील वेगाकडे पाहू नये.

बर्फाविषयी. ही बाजू उन्हाची असल्याने येथील बर्फ लवकर वितळतो, पण ओहोळांच्या घळींत जूनअखेरपर्यंत कडक बर्फाचे पट्टे राहू शकतात. दिसायला ते दहा पावलांचे असतात आणि घसरल्यास खाली थांबायला काही नसते. असा पट्टा आडवा आला तर मुकाट्याने माघारी फिरावे. समोरचा ग्रां बाल्कॉन नोर, जो 2,317 मीटरवरील प्लां द लेग्वीपासून 1,913 मीटरवरील मोंतांव्हेरपर्यंत जातो, तो अधिक उंच आणि सावलीचा असल्यामुळे त्या काळात बहुधा सोडूनच द्यावा. लाक ब्लां हे 2,352 मीटरवरील तळे छायाचित्रांमुळे सर्वांना खुणावते, पण जूनमध्ये ते पुष्कळदा गोठलेले आणि त्याची वाट बर्फाखाली असते. वाटांची ताजी स्थिती चर्चजवळच्या ‘मेझों द ला मोंतान्य’ या इमारतीत विनामूल्य सांगतात. तेथे दहा मिनिटे खर्च केल्यास कोणत्याही ॲपपेक्षा अधिक कळते.

दुसरे म्हणजे, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या अखेरीस तेथे माँ ब्लां मॅरेथॉन असते. त्या दिवसांत निवास महाग, लिफ्टला रांगा आणि काही वाटांवर स्पर्धकांची गर्दी, असा प्रकार होतो. पाहायला आवडत असेल तर त्यातील व्हर्टिकल किलोमीटर अवश्य पाहावी: गावातील चर्चपासून प्लांप्रापर्यंत अवघ्या 3.8 किलोमीटरमध्ये 1,000 मीटरची चढाई.

आर्व्हकाठी

सह्यभटक्या, हवा स्वच्छ असेल तर, ही तुमची अट मान्य असेल तर माझा विरोध नाही. आल्प्समध्ये उन्हाळ्यात सकाळ लख्ख असते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास गडगडाटी पाऊस येऊ शकतो. वरच्या उघड्या वाटेवर वीज हाच खरा धोका आहे. म्हणून वरची वाट सकाळीच संपवावी. सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळत असल्याने खालच्या जंगलवाटा सायंकाळीही करता येतात. गावात पंधरा-अठरा अंश असताना 2,000 मीटरवर सहा-सात अंश कमी असते, तेव्हा पातळ जलरोधक जाकीट पाठीवरच्या पिशवीत असायलाच हवे. गावांमधील कारंज्यांचे पाणी, ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर, पिता येते. वर मात्र पाणी सोबत न्यावे. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण त्यात डोंगरातील बचावकार्य धरले आहे का, हे कागद वाचून खात्री करून घ्यावी.

पांडवलेणी पहाटे

मी फक्त सरावाविषयी लिहितो. रस्त्यावरचे किलोमीटर तेथे उपयोगी पडत नाहीत. युरोपात डोंगरी शर्यतींचे मोजमाप करताना प्रत्येक 100 मीटर चढाईसाठी एक किलोमीटर अधिक धरतात. म्हणजे 12 किलोमीटर अंतर आणि 800 मीटर चढाई असलेली वाट 20 किलोमीटरच्या मोलाची होते. शामोनीहूनच सुटणारी यूटीएमबी ही शर्यत 2003 पासून होते आणि माँ ब्लांभोवती फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंडमधून फिरून पुन्हा शामोनीत येते. ब्रह्मगिरीची फेरी जशी त्र्यंबकहून निघून त्र्यंबकलाच संपते तशी. फरक इतकाच की ही फेरी सुमारे 170 किलोमीटरची आणि 10,000 मीटर चढाईची आहे. आपल्याला त्यातले काही करायचे नाही, पण हिशेब हाच ठेवावा.

एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्यापूर्वी, पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्यांवर चढउतार करावेत आणि आठवड्यातून एकदा अंजनेरीची वाट पूर्ण चढून उतरावी. लोक चढाचा सराव करतात आणि उताराचा विसरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे न सरावलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते, आणि चार दिवसांच्या सहलीत ते परवडत नाही. उन्हाळ्यातील कोरड्या घसाऱ्यावर लहान पावले टाकत, शरीर मागे न झुकवता उतरण्याची सवय करावी. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या दहा दिवसांत मोठा उतार करू नये. हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर सराव करण्याचा सल्ला काही जण देतात. तो धावण्याचा मार्ग नव्हे आणि भोवळ येणाऱ्याने तर तेथे जाऊच नये. बुटांचे म्हणाल तर तळाला ठळक खाचा असलेला ट्रेल शू घ्यावा आणि तो येथेच वापरून पायात बसवून न्यावा.

गंगापूररोडकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिले दोन दिवस ताईंनी सांगितल्याप्रमाणे आणि हवा व बर्फाची खात्री झाल्यास तिसऱ्या दिवशी सकाळी प्लांप्रा ते ला फ्लेजेर, असे ठरवतो. या वरच्या वाटेवर शिड्या आहेत असे एके ठिकाणी वाचले, त्यामुळे शंका आहे. आणि पत्नीला ला फ्लेजेर येथे थेट येता येईल का?

आर्व्हकाठी

लोखंडी शिड्यांचा टप्पा त्रे ल शां ते तेत ओ व्हां यांच्या दरम्यान आहे, म्हणजे ला फ्लेजेरच्याही पुढे, आर्जांतिएरच्या दिशेला. प्लांप्रा ते ला फ्लेजेर या भागात तुम्हाला त्या लागणार नाहीत. वाट डोंगरउतारावर असल्याने एका बाजूस खोली दिसत राहते, पण अंजनेरी चढणाऱ्याला ती जड जाऊ नये. अस्वस्थ वाटल्यास डोंगराच्या बाजूने चालत पुढे जावे, मागचे लोक थांबतात.

वहिनी ले प्राहून लिफ्टने थेट ला फ्लेजेरला येऊ शकतात आणि वर बसायला उपाहारगृह आहे. मात्र दोन्ही लिफ्ट त्या आठवड्यात सुरू आहेत ना, हे निवास ठरवण्यापूर्वीच पाहा, कारण उन्हाळी हंगामाच्या तारखा प्रत्येक लिफ्टच्या वेगळ्या असतात. खाली जाणाऱ्या शेवटच्या फेरीची वेळही सकाळीच टिपून ठेवा; ती हुकली तर ले प्रापर्यंतचा 800 मीटरचा उतार वहिनींना पायी उतरावा लागेल.