शब्दांचा कीस पाडणाऱ्या वकिलाला ‘किसणी’ म्हणावे काय?

पंचगंगाकाठी : करवीर तालुक्यातील आमच्या शेताचा दावा सुरू झाल्यापासून आम्ही घरात अशा वकिलाला ‘किसणी’ म्हणतो. बांधावरच्या आंब्यावरून वाद होता. प्रतिपक्षाच्या वकिलांनी ‘बांधावर’ आणि ‘बांधालगत’ यांतील भेदावर इतका काथ्याकूट केला, की पुढची तारीख पडली आणि त्या तारखेच्या आत वळवाच्या वाऱ्याने आंबाही पडला. ‘कलमकसाई’ हा जुना शब्द आहे, परंतु तो लेखणीने गळा कापणाऱ्या कारकुनाचा. त्यात विनोद नाही. म्हणून ‘किसणी’ रूढ व्हावा.

काळा डगला : असहमत. मी वकिली करतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ७, नियम ३ प्रमाणे स्थावर मिळकत ओळखता येईल असे वर्णन वादपत्रात, म्हणजे दावा दाखल करण्याच्या अर्जात, द्यावेच लागते. चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, चुकलेला न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन पक्षकार बेलिफासह शेतावर गेला, की कोणता तुकडा ताब्यात घ्यायचा हे तेथे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग ज्याने आधी कीस पाडला नाही त्याच वकिलाचा उद्धार होतो. कांदा-लसूण चटणीसाठी सुके खोबरे किसताना किसणीला कोणी हसत नाही.

पंचगंगाकाठी : चतुःसीमेबद्दल तक्रार नाही. परंतु निकालातील लेखनदोष त्याच संहितेच्या कलम १५२ खाली आणि वादपत्रातील चूक आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्त करता येत असताना, स्वल्पविरामावरची हरकत मुदतीसाठीच असते, हे आपणही जाणता.

काळा डगला : तोच नियम १७ पुरता वाचावा. सुनावणी सुरू झाल्यानंतर, योग्य ती दक्षता घेऊनही मुद्दा आधी मांडता आला नसता अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज, दुरुस्ती मिळत नाही. किसायचे ते आधीच किसावे लागते.

मंगळवार पेठ : इंग्रजीतील ‘फिलाडेल्फिया लॉयर’ हे मुळात निष्णात वकिलाचे कौतुक होते, पुढे तेच पळवाटा शोधणाऱ्याला चिकटले. ‘किसणी’ उलट दिशेने जाऊन कौतुकाचा शब्द होईल, तर मला चालेल.

काळा डगला : तत्पूर्वी एक प्राथमिक हरकत. ‘किसणी’ स्त्रीलिंगी आहे. वकीलसाहेबांविषयी ‘किसणी आली’ लिहायचे, की आदरार्थी ‘किसणी आले’?

पंचगंगाकाठी : पुढील तारखेस सांगतो.