ओआरएम काढून टाकावं का? पेट्यांची यादी उघडायला ९ सेकंद

पेटीवाला_रत्नागिरी
ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आंबा बुकिंगचं सॉफ्टवेअर बघतो, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). एप्रिल लागला आणि गाडीची यादी उघडायला ९ सेकंद, टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि शेठ माझ्याकडे बघतायत. माझं मत सरळ आहे, ओआरएम, म्हणजे कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी आपोआप बनवणारा जँगोचा भाग, हा प्रकारच स्लो, सगळं काढून हाताने एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहायचं. पटत नसेल तर मुद्द्याने बोला.

मालवणी_गजाल
मेल्या, आधी क्वेरी किती पडतत ता तरी बघ. डीबग टूलबार टाकलंस काय?

पेटीवाला_रत्नागिरी
टाकला. २०० पेट्यांच्या यादीला ४०१ क्वेरी 😐

चिपळूणचा_डीबीए
यादीची एक, मग प्रत्येक पेटीमागे बागायतदाराची एक आणि गिऱ्हाइकाची एक. डेटाबेस मुंबईच्या सर्वरवर असेल आणि एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तरी ८ सेकंद रस्त्यातच गेले की. २०० पेट्या एसटीने एकेक करून न्यायच्या म्हटल्यावर एसटीला शिव्या देऊन काय होणार? ओआरएमचंच सिलेक्ट_रिलेटेड लाव, टेबलं जॉइन होऊन एकच क्वेरी जाईल. एका ऑर्डरखाली अनेक पेट्या दाखवायच्या असतील तिथे प्रीफेच_रिलेटेड, ते वेगळी क्वेरी मारून पायथनमध्ये जोडतं.

पेटीवाला_रत्नागिरी
अहो पण हाच माझा मुद्दा आहे! टेम्प्लेटमध्ये पेटी डॉट गिऱ्हाईक डॉट नाव एवढंच लिहिलंय, त्या डॉटच्या मागे क्वेरी लपलीय हे कुणाला दिसणार? हाताने लिहिताना लूपमध्ये सिलेक्ट क्वेरी कोण टाकतो?

चिपळूणचा_डीबीए
टाकतात. मी निस्तरलेत.

पेटीवाला_रत्नागिरी
बरं, लावलं, यादी पटकन येते आता. पण मोबाईल नंबरवरून पेटी शोधायला अजून ३ सेकंद, तिथे क्वेरी एकच आहे, कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, टेबलात १४ लाख ओळी. आता बोला.

चिपळूणचा_डीबीए
एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ मारून क्वेरी कशी चालते ते बघ, सीक्वेन्शियल स्कॅन दिसेल, म्हणजे सगळ्या ओळी एकेक करून वाचल्या जातायत. तू आयकंटेन्स (मजकुरात कुठेही, लहान-मोठं अक्षर न बघता शोध) वापरलं असणार, पोस्टग्रेसवर त्याचं अप्पर (सगळी अक्षरं कॅपिटल) लावून दोन्हीकडे टक्के (%, म्हणजे तिथे काहीही चालेल) घातलेलं लाइक होतं, त्याला साधा बी-ट्री इंडेक्स काही कामाचा नाही. पूर्ण नंबर असेल तर सरळ एक्झॅक्ट, म्हणजे तंतोतंत जुळणी. शेवटचे चार आकडे सांगणारी गिऱ्हाइकं असतील तर त्या चार आकड्यांचा वेगळा कॉलम कर आणि त्यावर इंडेक्स टाक.

पेटीवाला_रत्नागिरी
आकड्यांना अप्पर?? हे मी हाताने लिहिलं असतं का कधी?

चिपळूणचा_डीबीए
तू मागितलंस, त्याने दिलं. निघालेलं एसक्यूएल एकदा तरी वाचायचं ना.

पेटीवाला_रत्नागिरी
एक्झॅक्ट केलं, शोध लगेच येतो. तरी महिन्याच्या हिशोबाची क्वेरी मी हातानेच लिहिणार, त्यावर ठाम आहे.

मालवणी_गजाल
लिही, पण आता नको. गाडये सुटतत तवसर कशाक हात लावू नको, जूनात पाऊस लागलो की मगे काय ता उकर.