कडकनाथ ५ फुटांच्या जाळीवरून उडून जाऊलेत, काय करू?

खानापूरचं परसू
आमचं घर नंदगडच्या अलीकडं. दिवाळीनंतर १४ कडकनाथ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि २ कोंबडे आणले. आधी जवारी म्हणजे गावठी आणि गिरिराज कोंबड्या होत्या, त्यांना ५ फूट तारेची जाळी पुरायची. ह्या काळ्या मात्र जाळीच्या वरच्या आडव्या बांबूवर जाऊन बसतात आणि तिथनं शेजारच्या अक्कांच्या मेथीच्या वाफ्यात. दोनदा वाफा उकरला. अक्का भांडल्या नाहीत, 'कोळी बंदाव नोड्री' (कोंबड्या आल्यात बघा) एवढंच कन्नडात म्हणाल्या. मी मेथी परत पेरून दिली, पण त्यांच्या दारात जाताना मान वर होत नाही.

दुसरी काळजी मोठी आहे. दिवस मावळला की चार-पाच जणी फणसावर चढतात. परवा सकाळी झाडाखाली नुसती पिसं सापडली. रानमांजरच असणार. सगळे सांगतात पंख काप. त्यांना दुखतं का? रक्त येतं का? कुणी हातानं केलंय त्यांनी सांगा की ओ.

निपाणीकर
जाळी ७ फूट करा ताई. आमच्या असील जातीच्या कोंबड्यांना तेवढी लागली.

जांबोटी रस्ता
ताई, नुसती उंची वाढवून भागत नाही. आधी तो वरचा आडवा बांबू काढा. कोंबडी एका दमात कुंपण ओलांडत नाही, बसायला कड दिसली की तिथवर झेप घेते आणि मग पलीकडं उतरते. जाळीची वरची वीतभर बाजू मोकळी, लेचीपेची सोडा. पाय ठरणार नाही. जाळीलगत खुराडं, लाकडाची मोळी, उलटं डालगं काही ठेवू नका, त्यावरून ती पायरीगत चढते.

गिरिराजशी तुलना करू नका. बंगळूरच्या हेब्बाळला तयार केलेली ती जात अंगानं जड, तिला स्वतःचं वजन उचलत नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, मोठी झाली तरी मादी दीड किलोच्या आतबाहेर. हलकी कोंबडी उडणारच.

आता पंख. नीट कापला तर दुखत नाही, आपण नख कापतो तसंच. एकाच बाजूचा कापायचा म्हणजे तोल जातो; दोन्ही कापले तर सारखंच फडफडून थोडी उंची गाठते. रात्री अंधारात धरा, शांत असते. पंख पसरला की टोकाकडची १० लांब पिसं दिसतात, तेवढीच. वरच्या बारीक पिसांच्या ओळीखाली बोटभर जागा सोडून कात्री चालवा. ज्या पिसाचा देठ निळसर-काळपट, भरलेला दिसतो ते कच्चं असतं, आत रक्त असतं, त्याला हात लावू नका. कडकनाथचं पीसच काळं, म्हणून बॅटरी मागनं धरून देठ बघा. माझ्याकडनं एकदा असं पीस कापलं गेलं होतं. हळद दाबून धरली, थांबलं, पण ती कोंबडी दिवसभर कोपऱ्यात बसून होती. तेव्हापासून घाई करत नाही. पिसं झडून नवी आली की परत कापावं लागतं, आणि तलंगांची लवकर येतात.

कणकुंबीवाला
मी कापत नाही. आमच्याकडं रान दाराला लागून आहे, राखी रानकोंबडा पहाटे परसापर्यंत येतो. मुंगूस आला तर उडता येणं हाच कोंबडीचा जीव. वरनं मासेमारीचं जुनं जाळं बांधा. पावसाळ्यात त्यावर पाला साठून ते खाली येतं, रोज काठीनं झाडायचं.

आणि फणसावर का जातात ते बघा. कोंबडीची जात मूळची रानातली, रात्री उंच बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. खुराड्यात जमिनीवर झोपवत असाल तर ती झाड शोधणारच. आत ४ फुटांवर मनगटाएवढी जाड आडवी काठी लावा. ८-१० दिवस बाहेर सोडूच नका, मग संध्याकाळी दाणे आतच टाका.

जांबोटी रस्ता
काठीचं मी विसरलो, ते आधी करा. आणि रान जवळ असेल तर वर जाळं नसताना पंख कापू नका, हे काकांचं खरं.

खानापूरचं परसू
सगळ्यांना धन्यवाद. बांबू काढला. ह्यांनी शेवग्याची काठी आत बांधली, ती खालच्या बाजूनं मोडली, आता दुसरी घातलीय. आजचा सहावा दिवस, सगळ्या आत कोंडलेल्या आहेत. काल रात्री ११ जणी काठीवर होत्या, दोघी कोपऱ्यात. पंख कापले नाहीत, गोव्याकडून जाळं मागवलंय. अक्कांना पहिली अंडी द्यायची ठरवलीत.