‘यूए १६+’ला वयोमर्यादा म्हणायचं का?

प्रश्न

नमस्कार. मी दादरला राहते. गेल्या रविवारी नववीतल्या भाच्याला घेऊन सिनेमाला गेले. तिकिटावर ‘यूए १६+’ छापलेलं होतं. दारावरच्या माणसाने ‘मुलाला सोळा पूर्ण नाहीत, वयोमर्यादा आहे’ म्हणून अडवलं. मॅनेजर आले, तेव्हा आत सोडलं. घरी येऊन परीक्षणं वाचली, तर तिथेही ‘वयोमर्यादा : १६ वर्षे’. हा शब्द इथे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय लिहावं? आणि ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणणं चूक आहे का?

प्रतिसाद

ताई, वयोमर्यादा हा शब्द इथे चूकच आहे, आणि त्या चुकीचा त्रास तुम्हाला दारात झाला. मर्यादा म्हणजे ओलांडता न येणारी रेघ. नोकरीच्या जाहिरातीत ‘वयोमर्यादा ३८’ लिहिलं की त्यापुढच्यांचा अर्ज बाद होतो, कुणाला सोबत नेऊन चालत नाही. सिनेमात वयाची अशी रेघ एकच, ‘ए’ची. तिथे अठरा पूर्ण नसलेल्याला आत सोडणं हा थिएटरवाल्याचा गुन्हा ठरतो, मग शेजारी आई बसलेली असो की आजी.

‘यूए’चं तसं नाही. सिनेमाचा मूळ कायदा १९५२चा. त्यात आधी ‘यू’ (सगळ्यांना खुला) आणि ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) एवढेच दोन प्रमुख वर्ग होते. १९८३ साली ‘यूए’ आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ आले. ‘यूए’चा अर्थ होता : सगळ्यांना खुला, पण बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचा की नाही ते पालकांनी पाहावं. २०२३च्या दुरुस्तीने या एका वर्गाचे तीन केले : ७+, १३+ आणि १६+. त्याच दुरुस्तीत स्पष्ट म्हटलंय की ही खूण आईवडिलांना किंवा पालकांना विचार करता यावा म्हणून आहे, आणि तिची अंमलबजावणी त्यांच्याखेरीज कुणी करायची नाही. म्हणजे तुमच्या भाच्याने तो सिनेमा पाहावा की नाही, हे ठरवायचा हक्क घरच्यांचा. दारावरच्या माणसाचा नाही.

हेच आकडे मोबाइलवरच्या वेबसिरीजवरही दिसतात, कारण २०२१च्या नियमांनी ओटीटीवाल्यांना हीच विभागणी दिली होती. फरक एवढाच की तिथे वर्ग कंपनी स्वतः लावते आणि थिएटरच्या सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते, लावतं.

प्रतिसाद

वर्ग लागतो कसा, तेही सांगायला हवं, कारण शब्दांचा घोळ तिथूनच सुरू होतो. मंडळाचं मुख्यालय आपल्याकडेच, पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. निर्माता अर्ज करतो. मग सल्लागार सदस्य आणि मंडळाचा अधिकारी अशी तपासणी समिती सिनेमा अख्खा पाहते आणि प्रत्येक जण आपलं मत देतो. १९९१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एखादं दृश्य सुटं काढून नाही, तर सिनेमाचा एकूण परिणाम बघायचा असतो, तोही आजच्या समाजाच्या नजरेने. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती. त्यावर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ साली बरखास्त झालं, आता थेट उच्च न्यायालय.

खरी घासाघीस वर्गावरून होते. समिती ‘ए’ म्हणते, निर्मात्याला ‘यूए’ हवं असतं, कारण ‘ए’ म्हटलं की कुटुंबं गेली आणि टीव्हीही गेला. मग अमुक शिवी म्यूट करा, तमुक मारहाण आखूड करा, असं ठरत जातं. हे सगळे बदल प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात एकेक करून नोंदलेले असतात. प्रेक्षकाला पडद्यावर फक्त पहिला भाग काही सेकंद दिसतो.

तो पहिला भाग पुढच्या वेळी नीट बघा. तिथे देवनागरी अक्षरंही असतात. ‘यू’साठी ‘अ’, ‘यूए’साठी ‘अव’ आणि ‘ए’साठी ‘व’, म्हणजे वयस्क. मराठी डोळ्याला ‘अ’ दिसला की तो ‘ए’चाच वाटतो, आणि असतो नेमका उलट. त्यामुळे मराठीत लिहिताना सुटी देवनागरी अक्षरं वापरू नयेत, सरळ ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ लिहावं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रतिसाद

सेन्सॉरबद्दल. १९८३पर्यंत मंडळाच्या अधिकृत नावातच सेन्सॉर होतं, मग ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ झालं. २०१६ साली ‘उडता पंजाब’च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानेही कायद्यात सेन्सॉर हा शब्दच नसल्याची आठवण मंडळाला करून दिली आणि मंडळाच्या लांबलचक यादीतला एकच कट ठेवला.

तरी ‘सेन्सॉर’ला चूक म्हणायला मी तयार नाही. ‘पिक्चर सेन्सॉरला गेलाय’, ‘सेन्सॉर झालं की तारीख लावू’ ही या धंद्यातली रोजची भाषा आहे. शिवाय मंडळ आजही कट सांगतं, प्रमाणपत्र नाकारतं. १९७० साली दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनापूर्वीची तपासणी घटनेत बसते असा निर्णय दिला. त्या वादात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती, अब्बास यांना ‘यू’ हवं होतं, मंडळ ‘ए’ देत होतं. नाव बदललं तरी हा अधिकार गेलेला नाही. बातमीत मंडळाचं नाव नीट लिहावं, बोलताना सेन्सॉर म्हणावं.

प्रतिसाद

मी नाटकवाला. आमच्याकडे याला अस्सल मराठी शब्द आहे : परिनिरीक्षण. महाराष्ट्राचं ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ नाटकाची संहिता प्रयोगाआधी वाचतं. चहूबाजूंनी तपासणं, हा अर्थ त्यात चपखल बसतो. पण सिनेमाच्या मंडळाला तो लावू नका, दोन मंडळांची गल्लत होईल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मग ‘यूए’च्या आकड्याला ‘वयसूचना’ म्हटलं तर?

प्रतिसाद

अर्थ बरोबर, घडण नाही. मूळ शब्द वयस्, म्हणून नियमाने ‘वयःसूचना’ होईल, आणि तो विसर्ग कुणी लिहिणार नाही. ‘वयोनिर्देश’ बरा. वयोगट, वयोमान यांच्या पंगतीत बसतो आणि ऐकताना बंदी वाटत नाही. परीक्षणात असं लिहिता येईल : ‘वयोनिर्देश : यूए १६+, पालकांच्या विचारासाठी’. आणि ‘ए’ असेल तिथेच ‘वयोमर्यादा : १८ वर्षे पूर्ण’.