टायमिंग बेल्ट तुटला तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, मागच्या महिन्यात वडिलांची छोटी पेट्रोल गाडी खंबाटकी घाट उतरल्यावर बंद पडली. धूर नाही, धक्का नाही, इंजिन एकदम गप्प. मी चार-पाचदा सेल्फ मारला. तो नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरत होता. तिथेच थांबायला हवं होतं. वाईहून आलेल्या मेस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून आत टॉर्च मारला नि म्हणाले, "आता सेल्फ द्या." कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा दांडा, जागचा हलला नाही. त्याला फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, तुटला होता.

कॅम थांबला की उघडे व्हॉल्व्ह तसेच लोंबत राहतात. आमच्या इंजिनात वर येणारा पिस्टन त्यांना गाठतो. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलं तर सहा व्हॉल्व्ह वाकलेले. खर्च २२,०००. गाडी ११ वर्षांची, पण चाललेली जेमतेम ५८,००० किलोमीटर, म्हणून बेल्टचा विचारच केला नव्हता. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! म्हणूनच विचारतोय: तुमची गाडी किती जुनी होती, आधी काही जाणवलं का?

नाशिक
आम्ही थोडक्यात वाचलो. सकाळी गार इंजिनातून बारीक शीळ यायची. कव्हर उघडलं तर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग गेलेलं आणि कॅमच्या ऑइल सीलमधून गळलेल्या ऑइलनं बेल्टची कड भिजून फुगलेली. नखानं दाबलं तर दाताचा तुकडाच हातात आला. मेस्त्रींनी सीलही बदलायला लावलं, नाहीतर नवा बेल्टही तसाच गेला असता.

कोल्हापूर
दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझा बेल्ट वेळेवर बदलला होता, त्रास त्यानंतर सुरू झाला. चढावर पिकअप नाही, सिग्नलला गाडी थरथरायची, अ‍ॅव्हरेज घसरलं. पेट्रोल खराब, प्लग खराब, सगळं ऐकून झालं. तिसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी बेल्टच्या चाकांवरच्या जुळणीच्या खुणा जुळवून पाहिल्या: बेल्ट एक दात चुकवून बसवला होता. तासाभरात गाडी पूर्वीसारखी. आता बेल्ट बदलला की खुणांचा फोटो मागून घेते.

रत्नागिरी
माझा घराच्या दारातच तुटला. या इंजिनात पिस्टन-व्हॉल्व्ह भिडत नाहीत, त्यामुळे नवीन बेल्ट टाकला नि चालू. पण हे नशीब प्रत्येक इंजिनाचं नसतं.

कॉव्हेंट्री, इंग्लंड
इथे माझ्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत बेल्ट ऑइलमध्येच बुडून फिरतो. तो तुटला नाही, झिजला. रबराचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला आणि मोटरवेवर ऑइलचा लाल दिवा लागला. मी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून बेअरिंग वाचले. अशी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, आणि तेही वेळेवर.

ठाणे
माझी २०१० ची ऑल्टो के१०. मेस्त्री म्हणतात हिच्यात चेन आहे, बेल्ट नाही. पण सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखडते. कुणाची अशी खडखडत होती का?