अस्थिर, अनावर की आणखी काही? : सेंट्रीच्या ताकदीला मराठी शब्द

वळचण :

एका दिवाळी अंकासाठी पडद्यावरच्या बिथरलेल्या सुपरहिरोंवर लेख लिहितोय. त्यात एक वाक्य होतं : ‘सेंट्री हा अत्यंत शक्तिशाली पण अस्थिर सुपरहिरो आहे.’ संपादकबाईंनी ‘शक्तिशाली’ आणि ‘अस्थिर’ या दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘माणूस आहे की आघाडी सरकार?’ तेव्हापासून अडकलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (सिनेमातलं बरंच फुटणार आहे, बघायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा.) सेंट्री म्हणजे बॉब रेनॉल्ड्स. पॉल जेन्किन्स आणि जे ली यांनी २००० साली त्याला मार्व्हलच्या कॉमिकमध्ये आणलं. त्याच्या अंगी दहा लाख फुटत्या सूर्यांचं बळ आहे असं तिथे सांगतात. त्याच्यातच ‘व्हॉइड’ नावाचं दुसरं रूप आहे. हा जेवढा उजळ तेवढंच ते काळं. २०२५च्या मे महिन्यात ‘थंडरबोल्ट्स’मधून तो पडद्यावर आला, काम लुईस पुलमनचं.

तर, ‘अस्थिर’ला दुसरा शब्द सुचवा. आणि पडद्यावर तो जे करतो ती शक्ती, ताकद, बळ, जोर की सामर्थ्य? का हे सगळं एकच आणि मी उगाच कीस पाडतोय?

खारीबटर :

एकच नाही. ताकद अरबीतून आली, जोर फारसीतून, बाकीचे संस्कृत. पण मुळावरून फार काही ठरत नाही, वापर बघा. जोर त्या घडीपुरता असतो : जोर लावतात, पावसाचा जोर ओसरतो. ताकद वापरली नाही तरी अंगात असते. बळ दुसऱ्याला देता येतं, आणि दुसऱ्यावर चालवलं की त्याची बळजबरी होते. कुवत हा शब्द तर आपण मुख्यतः नसलेल्या गोष्टीसाठीच वापरतो, ‘माझी तेवढी कुवत नाही’.

आता टॉवरमधली मारामारी आठवा. पूर्वीच्या अ‍ॅव्हेंजर्स टॉवरमध्ये सेंट्री थंडरबोल्ट्स टोळीतल्या पाच जणांना एकटा झोपवतो. वॉकरची ढाल पापडासारखी दुमडतो, बकीचा धातूचा हात खांद्यापासून उपटतो. ही ताकद झाली. पण जोर कुठेही दिसत नाही. दातओठ खाणं नाही, घाम नाही. हल्क जोर लावतो, म्हणून त्याची ताकद आपल्याला मोजता येते. सेंट्रीने जोरच लावला नाही, मग मोजायचं कशावर? मला तरी त्याची ताकद समोरच्यांच्या चेहऱ्यावरच दिसली. ते बघताना ‘ताकद’पेक्षा ‘धाक’ हा शब्द आधी आठवतो.

साधी भाषा :

‘लई डेंजर’ म्हणा आणि मोकळे व्हा. पोरं तेच म्हणतात.

अणुरेणू :

संपादकबाईंचा विनोद मान्य, तरी ‘अस्थिर’ची बाजू घेतो. भौतिकशास्त्रात अस्थिर म्हणजे चंचल नव्हे. अस्थिर अणुकेंद्रकाला कुणी डिवचावं लागत नाही, ते आपलं आपण फुटतं आणि फुटताना ऊर्जा बाहेर टाकतं. पण कधी फुटेल हे एकेका अणूबद्दल सांगता येत नाही. युरेनियम-२३५ अस्थिरच आहे, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं. म्हणजे अस्थिर वस्तू युगानुयुगं गुपचूप बसून राहू शकते. सिनेमाच्या पहिल्या भागातला बॉब अगदी असा आहे. रुग्णालयातल्या कपड्यात तिजोरीत सापडलेला, गोंधळलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग बाहेर सैनिक त्याच्यावर गोळ्यांचा पाऊस पाडतात, तो मरत नाही, उलट सुसाट आकाशात जातो आणि खाली येऊन आदळतो. स्वतःच चकित.

दहा लाख सूर्यांबद्दल अवांतर : गीतेतल्या विश्वरूपाला सूर्य हजारच लागले. पण आपला गणपती ‘सूर्यकोटिसमप्रभ’, म्हणजे सेंट्रीच्या दहापट. अर्थात तिथे तुलना प्रभेची आहे, मारामारीची नाही. कॉमिकवाल्यांचा आकडाही तसाच घ्यावा. दहा लाख सूर्य पडद्यावर दाखवायचे कसे? म्हणून दिग्दर्शकाने (जेक श्रायर) दाखवलेच नाहीत. सूर्याऐवजी सावली दाखवली.

खारीबटर :

सावलीचं बरोबर बोललात. व्हॉइड कुणाला मारत नाही, ठोसा नाही की स्फोट नाही. रस्त्यावरचा माणूस जागच्या जागी नाहीसा होतो आणि जमिनीवर काळी छाया उरते. हिरोशिमात बँकेच्या दगडी पायरीवर उरलेल्या माणसाच्या सावलीचा फोटो पाहिलेल्या कुणालाही तिथे गलबलेल. अख्ख्या सिनेमात त्याची सगळ्यात मोठी ताकद दिसते ती याच प्रसंगात, आणि त्यात तो फक्त हात हलवतो.

दर्यावर्दी :

आमच्याकडे, म्हणजे तळकोकणात, ‘सेंट्री’ला सरळ शब्द आहे : राखणदार. पहारेकरी पगारी असतो, राखणदार नाही. तो गावाची सीम राखतो, रात्री त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याचं सांगणारे अजून भेटतात. वर्षाला त्याचा मान द्यायचा. विसरलात तर तो कोपतो, आणि राखणारा कोपला की कुणाकडे जाणार? कॉमिकमध्ये हेच उलटं करून ठेवलंय. व्हॉइड परत येऊ नये म्हणून साऱ्या जगाला, खुद्द बॉबलासुद्धा, सेंट्रीचा विसर पाडलेला असतो. आमच्या आजीने हे ऐकून कपाळावर हात मारला असता.

आणि ‘अस्थिर’ कशाला? ‘अंगात येतं’ म्हणा. डोळे पालटतात, आवाज पालटतो.

वळचण :

राखणदार फार आवडला, लेखात घेणार. ‘अंगात येणं’बद्दल मात्र शंका आहे. अंगात येतो तो बाहेरचा असतो. देव असो, भूत असो, वारं असो, तो येतो आणि जातो. ज्याच्या अंगात आलं त्याला नंतर दोष देत नाहीत. व्हॉइड बाहेरून आलेला नाही. तो बॉबच्या लाजेतून, घरातल्या मारातून, व्यसनातून तयार झालेला बॉबच आहे.

मधल्या काळात मी ‘अनावर’ लावून पाहिला. आधी वाटलं, सापडला. पण वाक्य लिहायला गेलो आणि व्याकरणाने अडवलं. आपण ‘तो अनावर आहे’ असं सहसा म्हणत नाही. ‘त्याला राग अनावर झाला’, ‘तिला हसू अनावर झालं’ असं म्हणतो. अनावर होते ती भावना, आणि माणूस चतुर्थीत बाजूला उभा. १९६२पासून हल्क या वाक्यात चपखल बसलाय : ब्रूस बॅनरला राग अनावर झाला. वांडाला (मार्व्हलचीच जादूगारीण) दुःख अनावर झालं, हेही चालतं. बॉबला काय अनावर झालं? राग नाही, दुःखही धड नाही. त्याला काहीच वाटत नाही, हाच तर त्याचा आजार. ‘रितेपण अनावर झालं’ असं मराठीत म्हणून पाहिलं, कानाला खडा लागतो.

अणुरेणू :

मग तो खडा राहू द्या! तीच तर त्या पात्राची नवी गोष्ट आहे. हल्क आणि वांडाला भरून येतं, याला रितं होतं.

यावरून आठवलं, ‘व्हॉइड’चं काय करणार? ‘शून्य’ नको, ते गणितात फार कामाचं आहे. ‘काळोख’ नुसता दिसण्यापुरता. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला येलेना (त्याच टोळीतली) स्वतःच्या आतल्या रिकामपणाबद्दल बोलते तेव्हा हाच शब्द वापरते, तेव्हा अजून बॉबचा पत्ताही नसतो. म्हणजे जो शब्द घ्याल तो दोन्ही जागी बसला पाहिजे.

वळचण :

‘पोकळी’. ‘आत पोकळी जाणवते’ हे येलेनाच्या तोंडी शोभतं. नेते गेल्यावर जी ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण होते तिच्यामुळे शब्द गुळगुळीत झालाय खरा, तरी त्या वर्तमानपत्री वाक्यात एक बरं आहे : पोकळी ‘भरून’ निघायची अपेक्षा असते. शून्य कुणी भरायला जात नाही.

कोपऱ्यातली खुर्ची :

उशिरा येतेय, एका गोष्टीसाठी. कृपा करून लेखात ‘माथेफिरू’ लिहू नका. आणि ‘छिन्नमनस्क’ लिहिणार असाल तर दहादा विचार करा. छिन्नमनस्कता हा स्किझोफ्रेनियाचा मराठी शब्द, पण त्यातल्या ‘छिन्न’मुळे लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं. तो आजार तसा नाही. कॉमिकमध्ये सेंट्रीला बरीच निदानं चिकटवली आहेत, सिनेमाने एकही नाव घेतलेलं नाही, तर आपणही घेऊ नये. दोन रूपंच सांगायची तर ‘दुभंगलेला’ म्हणा. सीतेसाठी धरणी दुभंगली तो शब्द. त्यात निदान नाही, नुसती वेदना आहे.

मूळ प्रश्नाबद्दल : ‘शक्ती’ ज्या ‘शक्’ धातूपासून आली त्याच घरातला आपला ‘शकणे’. करू शकतो, उडू शकतो. त्या अर्थाने बॉब शक्तिशाली आहेच, संपादकबाईंना सांगा. सामर्थ्य मात्र त्याच्याकडे नाही. सामर्थ्याला अधिष्ठान लागतं असं रामदास सांगून गेले, आणि गंमत बघा, अधिष्ठान आणि अस्थिर दोन्हींच्या पोटात ‘स्था’ आहे, उभं राहणं. ज्याला स्वतःत उभं राहायला जागा नाही तो अस्थिर. बॉबवरच्या प्रयोगांमागची व्हॅलेंटिना त्याचे केस सोनेरी करते, झगझगीत पोशाख चढवते, अ‍ॅव्हेंजर्सच्या वर नेऊन बसवते. ताकद होतीच, थाटही आला, पण पाय टेकायला जागा नाही ती नाहीच. म्हणून मी तुमच्या वाक्यातला ‘अस्थिर’ ठेवीन आणि ‘पण’ काढीन. ‘शक्तिशाली पण अस्थिर’ म्हटलं की अस्थिरपणा हा वर पडलेला डाग वाटतो. सिनेमात तो स्वतःच सांगतो की एकाशिवाय दुसरं जमत नाही.

खारीबटर :

‘पण’ काढायला जोरदार अनुमोदन. (हा जोर त्या घडीपुरता.)

आणखी एक शब्द टाकतो : तुल्यबळ. सुपरहिरोच्या सिनेमात शेवटी दोघं तुल्यबळ लागतात. २००७च्या कॉमिकमध्ये सेंट्री आणि हल्क एकमेकांना इतके बडवतात की दोघेही साधी माणसं होऊन कोसळतात. सिनेमात त्याच्या तोलाचं कुणीच नाही, मग त्याची मारामारी त्याच्याशीच लावली. त्याच्या मनातल्या एका खोलीत बॉब व्हॉइडला गुद्दे घालत सुटतो, आणि जितका मारतो तितका स्वतःच काळा होत जातो. अशा वेळी ताकद असणं हीच अडचण. बाकीचे येऊन त्याला धरतात, मिठी मारतात. धरतात म्हणजे काय, तर आवरतात.

वळचण :

थांबा, तुम्ही नकळत माझी गाठ सोडवलीत. मी ‘अनावर’च्या मागे लागलो होतो, हवा होता साधा ‘आवरणे’. रडणाऱ्या पोराला आवरतात, भांडणाऱ्याला आवरतात, आणि स्वतःलाही आवरतात. माणूस कर्म म्हणून चालतो, चतुर्थी लागत नाही. वाक्य असं केलंय : ‘सेंट्री शक्तिशाली आहे, आणि त्याला स्वतःला आवरता येत नाही.’ संपादकबाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘चालेल. फार ओढू नका.’

दर्यावर्दी :

अहो, मग सिनेमा संपल्यानंतरचा तुकडाही लेखात घ्याच. चौदा महिने गेलेत, सगळे टॉवरमध्ये चर्चा करतायत, बॉब निवांत पुस्तक वाचत बसलाय. पोकळी आल्याशिवाय मला सेंट्री होता येत नाही म्हणतो. पण भांडी घासून ठेवली, हेही सांगतो.

कोपऱ्यातली खुर्ची :

म्हणजे आवराआवर करतो.