मदत हवी आहे: मन एकच बाजू दाखवतंय, विचार कागदावर कसे मांडू?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, कासारवडवलीला फ्लॅट बघतोय. पहिल्याच भेटीत बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसला आणि मी विरघळले. तेव्हापासून मेट्रोची प्रत्येक बातमी नवऱ्याला पाठवते. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की मात्र ‘होईल काहीतरी’!

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली लोकांना २-४-६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला होता. बहुतेकांनी ८-१०-१२ असे आपला अंदाज खरा ठरवणारेच आकडे पुढे केले. नियम त्याहून साधा होता, कुठलेही चढत्या क्रमाचे तीन आकडे; पण अंदाज चुकीचा ठरवू शकतील असे आकडे फारसे कुणी तपासलेच नाहीत. माझंही तेच चाललंय.

वहीत दोन रकाने केले. फायदे सतरा, तोटे दोन, त्यातला एक ‘लिफ्ट हळू आहे’. (नवरा अजून हसतोय.) माइंड मॅप (मधे मुख्य विषय, भोवती फांद्यांसारखे मुद्दे) काढला, तर मधल्या गोलात बाल्कनीच.

‘वर्षभरात हा निर्णय फसला, का फसला ते लिहा’ अशी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत आहे. घरच्या निर्णयासाठी कुणी वापरलीय का? दोघांनी वेगवेगळं लिहायचं की एकत्र बसून? की सरळ तोट्यांचं काम नवऱ्याकडेच देऊ? टोकन रविवारी द्यायचंय.